तिप्पट फंड आणि तीन हिवाळे

“सोमवारी काउंटीच्या लेनर्डला कळवायचंय,” आर्वो म्हणाला आणि त्याने मांस-बटाट्याने भरलेली पास्टी मधोमध मोडली. “यंदाही उत्तरेचा रस्ता माझ्याकडेच. एकदा सही केली की ऑक्टोबरपर्यंत डोक्याला ताप नाही.”

ओसरीवरच्या लांब टेबलाशी सगळे बसले होते. फिनिश लोकांच्या यूहान्नस सणाचा शनिवार, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस. तळ्यावर वारा नव्हता. आर्वोची थोरली बहीण इम्पी एक्याऐंशी वर्षांची. आर्वोचा मुलगा डेरेक पास्टीवर टोमॅटो सॉस ओततोय हे तिला बघवत नव्हतं, म्हणून तिने खुर्ची तळ्याकडे फिरवून घेतली होती. ग्रीन बेहून आलेली मुलगी बेथनी माशाचे काटे काढत होती.

आर्वोच्या बायकोने, मार्लिसने, हातातला काटा खाली ठेवला. गेला आठवडाभर तिने वाक्य घोळवून ठेवलं होतं. संध्याकाळी, दोघंच असताना, नीट समजावून सांगायचं, असं ठरवलं होतं. पण सोमवार हा शब्द कानावर पडला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “सही करू नकोस.”

“का?”

“गरज नाही आता.”

आर्वो हसला. एकतीस वर्षं लोखंडाच्या खाणीत काढलेला, आता एकाहत्तरीचा माणूस. निवृत्त झाल्याला महिना होतो न होतो तोच तो काउंटीचा बर्फ सारायचा ट्रक चालवायला लागला होता. खाणीचं निवृत्तिवेतन तुटपुंजं, सरकारी पेन्शन बरी. दोन्ही मिळून महिन्याला हजार-पंधराशे डॉलर कमी पडत. ते ट्रक भरून काढत होता. “गरज नाही? लॉटरी लागली काय तुला?”

“माझ्या आईच्या घराचे पैसे आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून साठवलेले माझे, मिळून एक लाख दहा हजार होते. बारा वर्षांपूर्वी.” मार्लिस शांतपणे म्हणाली. “त्याचे चार लाख चाळीस हजार झालेत.”

इम्पीने खुर्ची परत फिरवली.

“बँकेत?” आर्वोने विचारलं.

“नाही.”

“बँकेत ठेवलेत असं म्हणाली होतीस.”

“‘ठेवलेत’ एवढंच म्हणाले होते. कुठे, ते तू विचारलं नाहीस. कराचे कागद दरवर्षी मी भरते, तू न वाचता सही करतोस. सगळं त्यात लिहिलेलं असतं.”

डेरेकच्या हातातली सॉसची बाटली तशीच राहिली. एरवी जेवताना सगळ्यांच्या वर त्याचा आवाज असायचा. मार्क्वेटला त्याचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि मशीनच्या गोंगाटात बोलायची सवय त्याला घरीही सुटत नसे. पण आत्ता तो बाटलीवरचं लेबल वाचत बसला. बोलली ती बेथनी.

“आई, कुठे ठेवलेस?”

“तीन हिस्से सरकारी रोख्यांत. एक हिस्सा तिप्पट फंडात.”

बेथनीने डोळे मिटले. औषधांच्या दुकानात वीस वर्षं काढलेली मुलगी, जिन्नस कुठलाही असो, आधी धोक्याची सूचना वाचणारी.

“हे तिप्पट काय?” इम्पीने विचारलं.

“आत्या, बाजार एका दिवसात एक टक्का चढला की हा फंड तीन टक्के चढतो. एक उतरला की तीन उतरतो. कर्जाच्या जोरावर.”

“म्हणजे जुगार.”

“सगळे त्यात घातले तर जुगार,” मार्लिस म्हणाली. “मी चौथाई घालते. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी बघायचं. फुगून चौथाईच्या वर गेला असेल तर वरचं कापून रोख्यांत टाकायचं. बसला असेल तर रोख्यांतून काढून त्याला पुन्हा चौथाईवर आणायचं. बाकी वर्षभर हात लावायचा नाही.”

“आई, त्यांच्या पत्रकावरच छापलंय की हे एका दिवसापुरतं आहे म्हणून.” बेथनीने मिठाची आणि मिऱ्याची डबी समोर ओढली. “समज, बाजार शंभरावर आहे. आज नव्वदवर आला, उद्या परत शंभर. बाजार होता तिथे आला. तुझा फंड? शंभराचे सत्तर, आणि वर येताना फक्त त्र्याण्णव. बाजार नुसता हिंदकळत राहिला तरी तुझे पैसे झिजतात.”

“दोनदा वाचलंय मी ते पत्रक. वाचनालयात बसून. म्हणून तर चौथाई.” मार्लिसने मिठाची डबी जागेवर ठेवली. “सहाशे पोरांचं जेवण सतरा वर्षं चालवलंय बेथनी. कुठल्या भांड्यात किती उकळायचं ते मला कळतं.”

इम्पी फस्सकन हसली. बेथनीला हसू आलं नाही.

आर्वो मात्र टेबलाच्या लाकडातल्या एका गाठीकडे बघत होता. त्याला असे आकडे लवकर कळत नसत असं घरात सगळ्यांना वाटायचं, पण खाणीत शेवटची दहा वर्षं तो पाळीप्रमुख होता.

“चार लाख चाळीस हजारांत मी काम सोडू शकतो?”

“रोख्यांचं व्याज महिन्याला बाराशेच्या आसपास. शिवाय फंड चढला की दर वर्षी त्यातला कापलेला भाग. हो. सोडू शकतोस.”

“चार लाखांत सोडता आलं असतं?”

मार्लिसला प्रश्न कुठे चाललाय ते कळलं. खोटं बोलायला अजून जागा होती. तिने ती घेतली नाही.

“हो.”

“मग चार लाख पहिल्यांदा कधी झाले?”

“साडेतीन वर्षं झाली. त्या जानेवारीत. चार लाख दहा हजार.”

“आणि?”

“फंड फुगून एकूण पैशांच्या निम्मा झाला होता. कापून चौथाई करायचा, हा माझाच नियम. नाही कापला. म्हटलं, आणखी एक वर्ष. आणखी एका वर्षात डेरेकच्या दुकानाचं छप्परही होऊन जाईल.” तिचा आवाज जरा खाली आला. “वर्ष संपेपर्यंत फंडाच्या दहा भागांतले आठ गेले. सगळं मिळून दोन लाख चाळीस हजार उरले.”

“तेव्हा मी ट्रकवर होतो.”

“हो.”

“तीन हिवाळे.”

“हो, आर्वो.”

तो उठला. ताटलीतली उरलेली पास्टी त्याने नॅपकीनमध्ये गुंडाळली, जशी खाणीत नेत असे तशी, आणि लाकडाच्या ढिगाकडे चालत गेला. थोड्याच वेळात कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला.

*

स्वयंपाकघरात बेथनी भांडी विसळत होती आणि आई पुसत होती. बेथनीला राग आला होता, पण नेमका कशाचा ते तिला धरता येत नव्हतं. दोन लाख चाळीस हजारांच्या त्या वर्षी आई दर रविवारी तिला फोन करायची. नातवाच्या दातांबद्दल बोलायची. रूबार्बचा मुरंबा बिघडला म्हणून हळहळायची. त्या सगळ्या रविवारी हे तिच्या पोटात होतं.

“सगळं विकून टाक,” ती म्हणाली. “सोमवारी सकाळी. सगळे रोख्यांत.”

“आणि मी नव्वद वर्षं जगले तर? माझी आई चौऱ्याण्णव वर्षं जगली. आज पास्टीचा जो भाव आहे तो तेव्हा असेल का? नुसत्या व्याजावर मी पहिली दहा वर्षं आरामात काढीन. नंतर तुझ्या दारात.”

“माझ्या दारात आलीस तर काय बिघडलं?”

“तुझा नवरा सकाळी सहाला बॅगपाइप वाजवतो.”

बेथनीला नको असताना हसू आलं. कोपऱ्यात बसून वेलदोड्याचा पाव कापणारी इम्पी म्हणाली, “ती म्हणते त्यात तथ्य आहे. मी सगळं बँकेत ठेवलं. एक पैसा बुडाला नाही. पण पस्तीस वर्षांपूर्वी त्यात घर आलं असतं, आता त्यात घराचं छप्पर येतं.”

“आत्या, दुपारी तूच जुगार म्हणालीस.”

“दुपारी मला चौथाईचं माहीत नव्हतं.” इम्पीने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. “आणि एक सांगते, मार्लिस. पैशाचं मला काही वाटत नाही. पण तो फंड बसल्यानंतरच्या फेब्रुवारीत ट्रकसकट चरात गेला होता. चार तास बसून होता थंडीत. तेव्हापासून त्याचा उजवा खांदा वर जात नाही. त्याच्या डोक्यात आत्ता पैसे नाहीत, तो खांदा आहे.”

मार्लिसने ओलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. “मला माहीत आहे गं. त्या रात्री इस्पितळात मी त्याच्या शेजारी बसले होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की हे मी केलंय.”

तिने डोळे पुसले नाहीत, नुसतं खिडकीबाहेर बघितलं. बेथनीने नळ बंद केला. राग कशाचा होता ते तिला आता कळलं, आईने हे सगळं एकटीने सोसल्याचा, आणि कळल्याबरोबर तो बराचसा ओसरला. तिने आईच्या खांद्यावर ओला हात ठेवला. मग वेगळ्याच आवाजात, दुकानात डोस समजावून सांगावा तसं म्हणाली, “चौथाई जास्त आहे. पाचवा हिस्सा कर. आणि चार वर्षं पुरेल एवढा खर्च लवकर परत मिळणाऱ्या रोख्यांत वेगळा काढून ठेव. म्हणजे फंड कितीही बसला तरी पडत्या भावात विकायची पाळी यायची नाही.”

“अडीच वर्षांचा ठेवलाय.”

“चार.”

“साडेतीन.”

“आई, हा बाजार नाही. चार.”

*

वाफेच्या आंघोळीची सौना तापली होती. घरातल्या रिवाजाप्रमाणे आधी पुरुष. आर्वो वरच्या फळीवर बसला, डेरेक खालच्या. दगडांवर पाणी पडलं, वाफ छताला लागून खाली उतरली. आर्वोला तेच हवं होतं.

दुपारभर लाकडं फोडताना तो हिशेब करत होता, पैशांचा नव्हे. तीन हिवाळे म्हणजे सुमारे साडेतीनशे पहाटा. तीनला उठणं. बूट शेगडीपासून काढणं. मार्लिस प्रत्येक वेळी उठायची, थर्मास भरून द्यायची. एकदाही झोपून राहिली नाही. तो म्हणायचा, झोप गं, कॉफी मी करतो. तरी उठायची. आता त्याला त्या उठण्याचा अर्थ लागत होता आणि त्यामुळे राग धरून ठेवणं जड जात होतं.

“बाबा,” डेरेक म्हणाला, “एक सांगू? ओरडणार नसशील तर.”

“इथे ओरडलं की तोंड भाजतं.”

“माझ्याकडेही होता. तोच फंड. चार वर्षांपूर्वी घेतला. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याने त्या फंडाच्या नफ्यातून नवीकोरी बोट घेतली होती. बत्तीस हजार घातले.”

आर्वोने खाली वाकून बघितलं. पोराच्या मानेवर पाणी निथळत होतं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण मान खाली घालून बसायची पद्धत सातवीतली.

“मग?”

“खाली यायला लागला. रोज सकाळी बघायचो, दुपारी बघायचो. घरी बायकोशी विनाकारण भांडायचो. ऑक्टोबरात सगळं विकलं. सात हजार आले. आणि मी विकल्यावर अडीच महिन्यांत तो चढायला लागला.” डेरेकने पळीभर पाणी दगडांवर टाकलं. “शॅननला अजून माहीत नाही. तिला वाटतं ते छपराला लागले.”

“तुझ्या दुकानाचं छप्पर अजून गळतंय.”

“म्हणून तर तिला संशय आहे.”

आर्वो हसला. हसताना खांदा दुखला, तरी हसला. मग हळूहळू त्याचा चेहरा गंभीर झाला.

“तू किती दिवस धरून बसलास?”

“पडायला लागल्यापासून? दहा महिने.”

“आणि मग राहवलं नाही.”

“नाही राहवलं. रात्री झोप नाही बाबा. माझे सगळे मिळून बत्तीस हजार. आईचे एका वर्षात एक लाख सत्तर हजार गेले, आणि तिने एक हिस्सासुद्धा पडत्या भावात विकला नाही. उलट जानेवारीत नियमाप्रमाणे रोख्यांतून काढून त्यात भर घातली. दुपारी ती सांगत होती तेव्हा मला कळेचना काय बोलावं. ते कसं केलं असेल तिने? ते पण एकटीने.”

आर्वोने खांदा चोळला. एकटीने हा शब्द वाफेत तसाच राहिला. त्या हिवाळ्यात दोनदा त्याने तिला पहाटे तीनला, त्याच्या आधीच उठून, स्वयंपाकघरात बसलेली बघितली होती. त्याला वाटलं होतं, आपल्यासाठी उठली. कॉफी घेतली, गालाला ओठ लावले आणि ट्रककडे निघून गेला. विचारायला हवं होतं का? विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का? सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

“शॅननला सांग,” तो उठत म्हणाला.

“आज?”

“उद्या सांग. आज तिने केकवर स्ट्रॉबेऱ्या लावल्यात, त्या खाऊ दे.”

*

तळ्याचं पाणी अजून अंगाला चावत होतं. आर्वो एकदाच बुडी मारून वर आला, टॉवेल गुंडाळून धक्क्याच्या टोकाला बसला. ऊन उतरतं होतं, पण मावळायला अजून तीन तास होते. पलीकडच्या काठावर पोरं शेकोटीसाठी फांद्या रचत होती.

मार्लिस आली. हातात दोन कप. एक त्याच्या शेजारी ठेवला आणि हातभर अंतर सोडून बसली.

“बेथनीने पाचव्या हिश्शावर आणलंय मला,” ती म्हणाली. “आणि चार वर्षांचा खर्च बाजूला. तिचं बरोबर आहे.”

“तिचं नेहमीच बरोबर असतं. लग्नाआधी तू अशीच होतीस.”

तिने कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, “त्या जानेवारीत कापायला हवं होतं. मी लोभ केला. छपराचं नाव पुढे केलं, पण लोभ होता. चढताना बघायला बरं वाटत होतं. मला माफ कर, असं म्हणावं तरी कसं? तुझा खांदा काही परत येत नाही.”

“खांदा खाणीतच गेला होता. चराने फक्त शिक्का मारला.”

“तसं नको बोलूस.”

“बरं. अर्धा चराचा.” त्याने कॉफीचा घोट घेतला. “मला एक सांग. मला का नाही सांगितलंस? खाली गेल्यावर.”

“सांगितलं असतं तर तू विकायला लावलं असतंस.”

आर्वोने विचार केला. खोटं बोलायला त्यालाही जागा होती.

“लावलं असतं. त्याच दिवशी.”

“मग आज दोन लाख चाळीस हजार असते.”

“हो. आणि मला तुझा राग नसता.” त्याने पाय पाण्यात सोडले. “कुठलं बरं, ते मला अजून ठरवता येत नाही.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो चेष्टा करतोय की खरं बोलतोय, हे अठ्ठेचाळीस वर्षांत तिला नेहमीच कळत आलं होतं. आत्ता दोन्ही होतं.

“एप्रिलमध्ये फंड पुन्हा पडून निम्म्यावर आला होता,” ती म्हणाली. “यंदाच्या. आठवड्या-दोन आठवड्यांत. आता परत आलाय. सांगून टाकते, नाहीतर उद्या कराच्या कागदावर वाचशील.”

“मी वाचत नाही.”

“माहीत आहे.”

“यापुढे वाचेन. आणि पुढच्या वेळी पडेल तेव्हा मला सांगायचं. मी काही बोलणार नाही.”

“तू काही बोलणार नाहीस.”

“बोलेन. शिव्याही घालेन. तुझ्या त्या फंडाला, वॉल स्ट्रीटला, सगळ्यांना. पण विक म्हणणार नाही. पहाटे तीनला एकटी बसू नकोस म्हणजे झालं.”

मार्लिसने मधलं अंतर ओलांडलं आणि त्याच्या डाव्या, चांगल्या खांद्यावर डोकं टेकलं. टॉवेल ओला होता. तिने तक्रार केली नाही.

“आणि जानेवारीच्या पहिल्या सोमवारी,” तो म्हणाला, “मीही शेजारी बसणार. तू कापलं नाहीस तर मी कापणार.”

“तुला माझा कॉम्प्युटर उघडता येत नाही.”

“शिकव.”

*

स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनजवळ सगळे आपापलं काम असल्यासारखे घोटाळत होते. इम्पी साखरेचं भांडं पुसत होती, जे आधीच पुसलेलं होतं. डेरेक आणि शॅनन केकच्या दोन बाजूंना उभे. बेथनी उघडपणे ऐकत होती.

“लेनर्ड,” आर्वो फोनमध्ये म्हणाला. “सणाच्या दिवशी त्रास देतोय. सोमवारची वाट कशाला बघायची म्हटलं. यंदा मी सही करत नाही.”

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. आर्वो भिंतीला टेकून ऐकत होता. त्याने मार्लिसकडे बघितलं. ती दारातच थांबली होती, ओले केस कपाळावर.

“नाही, तब्येत उत्तम आहे,” तो म्हणाला. “नाही रे, खांद्याचं काही नाही. बायकोने काम केलंय दोघांच्या वाटणीचं. मोठी गोष्ट आहे, बिअर पाजलीस तर सांगेन.”

लेनर्डने आणखी काहीतरी विचारलं.

“उत्तरेचा रस्ता कोण करणार? मला काय माहीत,” आर्वो म्हणाला. “पण पहिला बर्फ पडला की त्याला सांग, आमच्या वळणावर जरा हळू ये. आम्ही दोघं झोपलेले असू.”